वृक्षवासी सापांची पेटी : उंची, हवा आणि कायदा

वृक्षवासी साप म्हणजे ज्याचे शिकार करणे, झोपणे, लपणे आणि बहुतेक वेळा पाणी पिणेही फांदीवरच उरकते असा साप. त्याचे अंग बारीक आणि हलके असते, शेपूट लांब आणि विळखा घालणारे असते. पोटाचे खवले कडेला किंचित मुडपलेले असल्याने सालीच्या खरखरीत त्यांची पकड बसते. उभ्या खोडावर चढताना रक्त शेपटीकडे साचू नये म्हणून अशा सापांचे हृदय जमिनीवरच्या किंवा पाण्यातल्या सापांपेक्षा डोक्याच्या जवळ असते. अशा प्राण्याला घरात ठेवायचे तर त्याला फरशी किती दिली याला फारसा अर्थ राहत नाही. उंचीवरची हवा कशी आहे, हाच खरा प्रश्न असतो. पाळीव सापांवरची बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली आहेत. त्यामुळे नांदेड जिल्ह्यातल्या किनवटसारख्या उष्ण ठिकाणी त्यांतला सल्ला जसाच्या तसा वापरला, तर साप पहिल्याच उन्हाळ्यात दगावण्याची भीती असते.

किनवट-माहूरच्या सागवानी रानात आणि गावालगतच्या कुंपणांत झाडावरचे साप मुळातच आहेत. हरणटोळ हा हिरवा, चाबकाच्या वादीसारखा बारीक, टोकदार नाकाचा साप. त्याची बाहुली आडवी असते आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना खोबणी असल्याने त्याला दोन्ही डोळ्यांनी समोरचे एकच दृश्य दिसते. सरड्याचे अंतर तो त्यावरून अचूक जोखतो. दक्षिण भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या हरणटोळाला पूर्वी एकच जाती समजत. २०२० मध्ये या गटाची नव्याने मांडणी झाली आणि भारतीय द्वीपकल्पाच्या सखल भागातला हरणटोळ श्रीलंकेतल्या जातीपासून वेगळा ठरला. तो माणसाच्या टाळूवर नेम धरून चावतो, ही समजूत मात्र शास्त्राने जाती वेगळ्या केल्या तरी हललेली नाही. रुखई हा तपकिरी, पाठीवर कांस्याची झाक असलेला, दिवसा फिरणारा चपळ साप आहे. मांजऱ्या रात्रीचा. त्याची बाहुली मांजरासारखी उभी असते, आणि अंगावरच्या नक्षीमुळे त्याला फुरसे समजून मारले जाते. हरणटोळ पिल्ले देतो, रुखई आणि मांजऱ्या अंडी घालतात. या तिघांपैकी एकही साप घरात ठेवता येत नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे, आणि कायद्याच्या भाषेत पकडणे हीसुद्धा शिकारच ठरते. कलम ३९ प्रमाणे असा प्राणी सरकारी मालमत्ता असतो. तो कोणत्याही मार्गाने हाती आला तरी ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने अनुसूची सहावरून चारवर आणल्या, आणि सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड २५ हजारांवरून एक लाख रुपयांपर्यंत वाढवला. त्याला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची जोड आहे. अजगरासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. साप बिनविषारी आहे, शेतात सापडला, लहानपणापासून सांभाळला, या सबबी कायद्यात कुठेच बसत नाहीत.

परदेशी सापांचा रस्ता वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या साइट्स करारातल्या जाती आता चौथ्या अनुसूचीत येतात. झाडावर राहणारे जे साप जगभर पाळले जातात, त्यांतले हिरवा वृक्ष-अजगर, पाचू बोआ, ॲमेझॉनचा वृक्ष-बोआ, कार्पेट पायथन हे सगळे या यादीत आहेत. कारण अजगर आणि बोआ ही दोन्ही कुळे सरसकट त्या करारात आहेत. असा प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी करायची असते. त्यासाठीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झाले आणि ‘परिवेश’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरून अर्ज करण्याची सोय झाली. जन्म, मृत्यू, हस्तांतरण हेही कळवावे लागते. आयात करायची तर परवान्यांची वेगळी साखळी असते. ती टाळण्यासाठी काय चालते हे मुंबई विमानतळावर दिसते. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. जून २०२५ मध्ये थायलंडहून आलेल्या प्रवाशाकडे ४४ इंडोनेशियन पिट वायपर निघाले. हे झाडावरचे आणि विषारी साप. अशा मालाला कागद नसतात, त्यामुळे तो विकत घेणाऱ्याला नोंदणीही करता येत नाही. म्हणून पुढे जे पेटीचे वर्णन येते ते नोंदणी झालेल्या परदेशी सापापुरते आणि मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयापुरतेच समजावे.

पेटीचा आराखडा करण्याआधी साप कोणत्या स्वभावाचा आहे हे ठरवावे लागते. न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकावरचा हिरवा वृक्ष-अजगर आडव्या फांदीवर वेटोळे टाकून, मध्ये डोके ठेवून दिवस काढतो आणि रात्री मान खाली सोडून शिकारीची वाट बघतो. दक्षिण अमेरिकेतला पाचू बोआ त्याच्याशी जवळचे नाते नसताना हुबेहूब तसाच बसतो. एक अंडी घालतो, दुसरा पिल्ले देतो. दोघांचीही पिल्ले हिरवी नसतात, पिवळी, विटकरी किंवा नारिंगी असतात, आणि वाढताना रंग बदलतात. हे दबा धरणारे साप आहेत. त्यांना थोड्या पण नेमक्या जागा लागतात. याउलट रुखईच्या जातकुळीचे साप दिवसभर शोधत फिरतात. त्यांना धावायला लांबी लागते, आणि काच ही वस्तूच त्यांना कळत नाही. नाक घासून घासून ओठावर जखम होते आणि तिथून तोंडाचा संसर्ग सुरू होतो. त्यात या गटाचा आहार पाली, सरडे, बेडूक असा असतो, उंदीर ते सहसा नाकारतात. पाळीव सापांच्या बाजारात दबा धरणारेच जास्त दिसतात, यामागे रंगाइतकेच हेही कारण आहे.

जागा किती असावी यावर मतभेद आहेत. पाळणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे असा समज होता की मोठ्या पेटीत साप घाबरतो, म्हणून लहान पेटीच बरी. दीड मीटरच्या आत-बाहेर वाढणाऱ्या हिरव्या वृक्ष-अजगराला ६० सेंटिमीटरचा घन पुरतो असे सर्रास सांगितले जाई. २०१९ मध्ये क्लिफर्ड वॉरविक आणि सहकाऱ्यांनी या समजाची तपासणी केली. सापाला पूर्ण लांब होता येईल एवढी जागा हवीच, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो पटण्यासारखा आहे. साप घाबरतो तो पेटी मोकळी, उघडी असल्यामुळे. दाट पाने आणि आडोसे दिले की मोठी पेटी त्याला मानवते. शिवाय ‘झाडावरचा’ म्हणजे उभी, अरुंद पेटी, हाही अर्धवट अर्थ आहे. खरे झाड आडवे पसरलेले असते. ९० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ९० ते १२० उंच अशी पेटी उभ्या कपाटापेक्षा अधिक उपयोगी पडते. ती जमिनीवर ठेवू नये. वरून येणारी हालचाल सापाला ससाण्यासारखी वाटते, म्हणून मुख्य फांदी माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा त्याहून थोडी वर आलेली बरी. तीन बाजू अपारदर्शक असाव्यात, समोरचीच काचेची.

साहित्यात प्लायवूड स्वस्त पडते, पण रोजच्या ओलीने वर्षभरात फुगते. पीव्हीसी फोम बोर्ड टिकतो, पुसायला सोपा आणि वजनाला हलका असतो. देवदारासारखे राळेचा उग्र वास असलेले लाकूड आत वापरू नये. तळाला जाड कागद किंवा काथ्याचा थर पुरतो. झाडावरचा साप तिथे फारसा उतरतच नाही, त्यामुळे तळाची सजावट बघणाऱ्यासाठीच असते.

फांद्यांकडे मात्र बारकाईने बघावे लागते. ज्या जाडीवर साप सैल न होता विसावतो ती जाडी साधारण त्याच्या अंगाच्या मध्यभागाइतकी असते. तेवढ्याच जाडीच्या दोन-तीन आणि थोड्या कमी-जास्त जाडीच्या आणखी काही फांद्या वेगवेगळ्या उंचीवर द्याव्यात. एकाच जाडीच्या दांड्यावर महिनोन्महिने बसणाऱ्या सापाचे अंग एकाच ठिकाणी दबते. फांदी हलता कामा नये. एकदा घसरलेल्या फांदीवर साप पुन्हा सहजी जात नाही. ती खाचेत बसवलेली आणि उचलून काढता येणारी असली की साफसफाईच्या वेळी सापाला हात न लावता फांदीसकट बाहेर घेता येते. आडव्या बसणाऱ्या सापाला फांदीवरून ओढून सोडवणे म्हणजे त्याच्या शेपटीला इजा करणे. किनवट भागात पेरूची फांदी या कामाला चांगली: टणक, नैसर्गिक बेचक्यांची, साल गुळगुळीत पण पकड देणारी. कण्हेर, रुई, शेर ही विषारी किंवा चिकाची झाडे टाळावीत. बाभूळ काट्यांमुळे बाद होते. कापसाच्या शेताच्या बांधावरची फांदी आणली तर तिच्यावर फवारणीचे औषध बसलेले असण्याचा संभव मोठा. धुऊन, साल घासून, मे महिन्याच्या उन्हात आठवडाभर पत्र्यावर टाकली की किडे-अंडी मरतात. आडोशासाठी मनीप्लांटसारखी वेल आत वाढते आणि ओल टिकवते.

आता उष्णता. हिरव्या वृक्ष-अजगराला दिवसा २८ ते ३१ अंश आणि रात्री २३ ते २५ अंश सेल्सिअस मानवते. ३५ च्या वर तो संकटात येतो. युरोपातल्या घरात खोली २० अंशांवर असते, म्हणून तिथले सगळे तंत्र तापवण्याचे: छताला उष्णता देणारे पॅनेल, सिरॅमिकचा गोळा, त्यावर थर्मोस्टॅट. नांदेड जिल्ह्यात मे महिन्यात बाहेरचा पारा ४२ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून वाईट अवस्था असते. अशा खोलीत थर्मोस्टॅट तापकाला बंद करू शकतो, खोलीला थंड करू शकत नाही. प्रश्न थंडाव्याचा होतो, आणि इथे झाडावरच्या सापाची रचनाच त्याच्या विरोधात जाते. गरम हवा वर चढते, साप स्वभावाने वरच जातो आणि वरच्या फांदीवर भाजत बसतो. जमिनीवरचा साप गारव्याला कोपऱ्यात, पाण्याच्या भांड्याखाली शिरतो. हा मात्र खाली उतरणे शेवटपर्यंत टाळतो. म्हणून पेटीचे छत जाळीचे असावे, गरम हवा निघून जावी, आणि मधल्या उंचीवर दाट पानांआड एक सुरक्षित वाटणारी फांदी असावी. उष्णता द्यायची वेळ आली तर ती छताच्या एकाच टोकाला द्यावी. म्हणजे एकाच उंचीवर गरम आणि गार अशा दोन जागा मिळतात.

खोलीची निवड पेटीइतकीच महत्त्वाची ठरते. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात जाड मातीमुळे दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक कमी राहतो. असे घर असेल तर त्यातली उत्तरेकडची खोली सिमेंटच्या स्लॅबपेक्षा निःसंशय चांगली. कूलर इथे अनपेक्षितपणे योग्य यंत्र आहे. उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून तो चांगला चालतो, तापमान उतरवतो आणि सापाला हवी असलेली ओलही देतो. पावसाळ्यात तो चालेनासा होतो, पण तोवर पारा आपणच उतरलेला असतो. वारा मात्र थेट पेटीवर घेऊ नये, आणि टाकीतले पाणी शिळे होऊ देऊ नये. वीज गेली की सगळेच थांबते, त्यामुळे पंख्यापुरता इन्व्हर्टर ही चैन नाही. तो नसेल तर उपाय म्हणजे बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या जाळीच्या छतावर ठेवणे. गार हवा खाली येते, म्हणून बाटलीची जागा वरच. डिसेंबर-जानेवारीत उलट स्थिती होते. पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, आणि तेव्हा पुस्तकातले तापक खरोखर लागतात. तापकाभोवती जाळीचा पिंजरा असावा, नाहीतर साप त्यालाच विळखा घालून भाजून घेतो. तळाखाली ठेवायचे गरम पॅड या सापांच्या काही कामाचे नाहीत. तापमापक दोन लागतात, सर्वांत वरच्या फांदीवर एक आणि खालच्या फांदीवर एक. पेटीच्या मधोमध चिकटवलेला एकच तापमापक खोटा दिलासा देतो.

ओल आणि मोकळी हवा या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. पेटी बंद केली तर ओल टिकते, पण साचलेल्या दमट हवेत श्वसनाचे आजार आणि खवल्यांवर फोड येतात. उघडी ठेवली तर मराठवाड्याचा एप्रिल दोन तासांत आतली पाने वाळवतो आणि सापाची कात तुकड्या-तुकड्यांत निघते. चांगला मार्ग चक्राचा आहे: संध्याकाळी पिचकारीने भरपूर फवारणी, सकाळपर्यंत ओल, दुपारपर्यंत फांद्या कोरड्या. सतत ओले ठेवणे हे पावसाळी जंगलाचे चुकीचे अनुकरण आहे. तिथेही पावसानंतर वारा सुटतो. हे साप पाणी पितात ते बहुधा पानांवरचे आणि स्वतःच्या वेटोळ्यावर जमलेले थेंब. तळाच्या वाटीकडे ते महिनोन्महिने फिरकत नाहीत, म्हणून वाटी फांदीच्या उंचीवर अडकवतात. बोअरचे पाणी जड असते. त्याने काचेवर पांढरे डाग धरतात आणि पिचकारीचे तोंड बुजते, त्यामुळे साठवलेले पावसाचे किंवा आरओचे पाणी बरे. त्याच खोलीत डासांची कॉईल किंवा लिक्विडेटर लावू नये. त्यातली पायरेथ्रॉइड द्रव्ये सरपटणाऱ्या प्राण्यांना बाधतात.

उजेडाबाबत थोडक्यात सांगता येते. बारा तास उजेड, बारा तास अंधार. रात्रीच्या सापाला रंगीत दिव्याचीही गरज नसते. अतिनील किरणांबाबत २०१० मध्ये फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्तनावरून जे पट्टे पाडले, त्यांत गर्द सावलीतले आणि निशाचर प्राणी सर्वांत मंद पट्ट्यात येतात. सौम्य अतिनील नळी आणि भरपूर सावली एवढे पुरे.

कुलपाचा विषय किरकोळ वाटतो, पण तसा नाही. बारीक साप बोट जाईल एवढ्या फटीतून निघतो, सरकत्या काचेला तर तो नाकाने ढकलतो. पळालेला वृक्षवासी साप काय करू शकतो याचे उदाहरण ग्वाम बेटावर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजी सामानातून पोचलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने, म्हणजे आपल्या मांजऱ्याच्याच प्रजातीतल्या सापाने, तिथले बहुतेक रानपक्षी संपवले. विजेच्या तारांवर चढून तो पुरवठाही बंद पाडतो. त्यामुळे परदेशी साप रानात सोडून देणे हा त्याच्यावर केलेला उपकार नव्हे, आणि रानावर तर नाहीच.

विषाचा मुद्दा स्वतंत्र आहे. झाडावरच्या अनेक सापांचे विषदंत मागच्या बाजूला असतात आणि त्यांचे विष सौम्य मानले जाते. हरणटोळ आणि मांजऱ्याच्या बाबतीत माणसापुरते ते खरे आहे. सगळ्यांच्या बाबतीत नाही. शिकागोचे सर्पतज्ज्ञ कार्ल श्मिट १९५७ मध्ये बूमस्लँगच्या दंशाने गेले आणि जर्मनीचे रॉबर्ट मेर्टेन्स १९७५ मध्ये स्वतः पाळलेल्या आफ्रिकी काटकी-सापाच्या दंशाने. दोन्ही साप झाडावरचे, मागच्या विषदंतांचे. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर तयार होते. विमानतळावर सापडलेल्या इंडोनेशियन पिट वायपरसारखा साप किनवटात चावला तर त्यावर नेमके औषध नांदेडच्या काय, मुंबईच्या रुग्णालयातही मिळणे कठीण.

महाराष्ट्रात साप कायदेशीरपणे आणि जाणकारांच्या देखरेखीखाली बघायचे ठिकाण म्हणजे पुण्याचे कात्रज. तिथले सर्पोद्यान १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने उभे राहिले. याच खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढून पुणेकरांना सापांकडे बघायला लावले होते. पुढे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय त्या परिसरात आले. अशा संस्थांवर १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची देखरेख आहे. घरगुती पेटी आणि संग्रहालयाची खोली यांतला मोठा फरक आकारापेक्षा मागच्या बाजूला असतो: वेगळे ठेवण्याची जागा, पशुवैद्य, खाद्याची सोय, आणि एक साप आजारी पडला तर बाकीच्यांपासून त्याला तोडण्याची शक्यता. घरी यातले बहुधा काहीच नसते. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य तालुक्याच्या गावी मिळणे अवघडच, हे पेटीवर खर्च करण्याआधी धरून चालावे लागते.

किनवट भागात झाडावरचा साप पेटीत ठेवण्याचा प्रसंग खरोखर येतो तो सर्पमित्रावर, आणि तोही काही तासांपुरता. घरात किंवा गोठ्यात शिरलेला हरणटोळ पकडला की बहुतेकदा तो प्लॅस्टिकच्या बरणीत जातो. झाकणाला दोन भोके आणि मोटारसायकलच्या डिकीत उन्हात प्रवास. बारीक अंगाच्या सापाला ही बरणी जीवघेणी ठरते. त्याऐवजी सैल विणीची सुती पिशवी वापरावी, शिवण बाहेरच्या बाजूने असावी म्हणजे सुटे धागे सापाच्या अंगाला लागत नाहीत, आणि ती पिशवी हवेशीर बादलीत, सावलीत ठेवावी. आत एक पानांची डहाळी टाकली तर साप तिला विळखा घालून शांत राहतो. खाऊ घालू नये, हाताळू नये, लोकांना दाखवण्यासाठी बाहेर काढू नये. पिशवीवर सापडल्याचे ठिकाण आणि वेळ लिहावी, वनविभागाला कळवावे आणि साप सापडला त्याच परिसरातल्या झाडीत सोडावा: हरणटोळ आणि रुखई सकाळी ऊन तापण्याआधी, मांजऱ्या अंधार पडल्यावर. पिशवीचे तोंड फांदीला टेकवून धरले की साप स्वतःच बाहेर येतो, त्याला हातात घेण्याची गरज पडत नाही.